दिवा कोणाच्या हाती? पुण्याच्या पडद्यामागील उजेडाचा इतिहास

घरच्या प्रोजेक्टरचा लॅम्प बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे. वीज बंद करायची, वायर काढायची, लॅम्प तासभर निवू द्यायचा. झाकणाचे स्क्रू सैल करून जुना लॅम्प त्याच्या चौकटीसह बाहेर ओढायचा आणि नवा सरकवायचा. काचेला बोट लावायचे नाही. शेवटी मेनूत जाऊन तासांची मोजणी शून्यावर आणायची.

कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये कोणी ही सूचनापत्रिका वाचतो, तेव्हा तिच्यातील प्रत्येक ‘करू नये’मागे किती जळालेली बोटे आणि किती जळालेली चित्रगृहे आहेत, याची त्याला कल्पना नसते. आजचा धागा त्या दिव्याविषयी आहे. पडद्यावरच्या चित्राचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. ते चित्र ज्या उजेडाने दिसले त्याचा फारसा लिहिला गेला नाही.

सुरुवात चित्रपटाच्या आधीपासून करावी लागते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायणातील आणि सर्कशीतील चित्रे, एकीवर दुसरी पट्टी सरकवून साधलेली हालचाल, सोबत निवेदन आणि संगीत. लुमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला, त्याच्या काही वर्षे आधीच मराठी प्रेक्षक अंधारात बसून उजळलेल्या पडद्याकडे पाहू लागला होता.

कंदिलाच्या त्या जगात मोठ्या सभागृहासाठी रॉकेलचा दिवा अपुरा पडे. तेथे युरोपात चुन्याचा दिवा वापरत. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या ज्योतीत चुन्याचा लहान तुकडा धरला की तो डोळे दिपवील इतका पांढरा तळपतो. थॉमस ड्रमंड या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात आयर्लंडच्या भूमापनात दूरच्या टेकडीवरून दिसेल असा संकेत म्हणून तो वापरला. पुढे तो रंगभूमीवर आला. इंग्रजीतील ‘लाइमलाइट’ हा शब्द त्याचाच. आपण आज ‘प्रकाशझोतात येणे’ म्हणतो, त्यातही त्या चुन्याची थोडी धग असावी.

मात्र हा दिवा वायूंवर चाले आणि वायू बरोबर नेणे अवघड होते. म्हणून काहींनी हायड्रोजनऐवजी ईथरची वाफ वापरणारा दिवा काढला. त्याची किंमत ४ मे १८९७ रोजी पॅरिसने मोजली.

त्या दिवशी ‘बझार द ला शारिते’ या धर्मादाय बाजारात चलच्चित्रांचे खेळ चालू होते. प्रोजेक्टरच्या दिव्यातील ईथर संपले. चालकाने ते पुन्हा भरले. खोलीत वाफ पसरलेली होती आणि अंधारात काही दिसेना, म्हणून मदतनिसाने काडी ओढली. लाकूड, कापड आणि रंगवलेल्या कनाती यांनी उभारलेली ती इमारत काही मिनिटांत जळून खाक झाली. सुमारे १२६ माणसे गेली, त्यांतील बहुतेक स्त्रिया.

या दुर्घटनेत फिल्मला आग लागली नव्हती, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. आग लागली ती दिवा पुन्हा पेटता करण्याच्या खटपटीत. ‘आधी निवू द्या, मग उघडा’ या आजच्या सूचनेचा एक जुना आणि भयंकर पूर्वज तेथे सापडतो.

आता पुण्यात येऊ. गंगाधर नरहरी ऊर्फ बापूसाहेब पाठक यांनी मंडईजवळ ‘आर्यन’ हे चित्रगृह १९१५ मध्ये सुरू केले. पुण्याचे ते पहिले कायमचे चित्रपटगृह मानले जाते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत १९१३ साली लागून जेमतेम दोन वर्षे झाली होती. तंबूतला, आज आहे आणि उद्या नाही असा खेळ आता पेठेत पक्क्या भिंतींच्या आत आला. पक्क्या भिंतींबरोबर एक छोटी खोलीही आली : केबिन. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे दिव्याचा सगळा इतिहास अशाच केबिनमध्ये घडला.

कायमच्या चित्रगृहांचा मुख्य दिवा म्हणजे कार्बन आर्क. हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये दाखवलेला हा चमत्कार तत्त्वाने अगदी साधा आहे. कोळशाच्या दोन कांड्यांना वीज जोडायची, टोके क्षणभर एकमेकींना टेकवायची आणि किंचित दूर करायची. मधल्या फटीत वीज झेप घेते आणि कांड्यांची टोके तापून पांढरी होतात. धन कांडीच्या टोकाला एक खळगा पडतो. त्याचे तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. पडद्यावर पोहोचणारा उजेड मुख्यतः त्या वाटाण्याएवढ्या खळग्याचा. मागचा अंतर्वक्र आरसा तो गोळा करून फिल्मच्या खिडकीवर टाकतो.

हा दिवा मात्र जळून संपत जाणारा होता. त्याच्यासाठी ‘लॅम्प गेला’ असा एक क्षण नव्हता. तो दर मिनिटाला थोडा थोडा जात असे. कांड्या झिजत, फट वाढे, उजेड पिवळा पडे. फट कमी झाली तर आर्क फुरफुरे, पडद्यावर सावल्या हलत. म्हणून ऑपरेटरचा एक हात कायम कांड्या पुढे सरकवण्याच्या मुठींवर असे. पुढे मोटरने कांड्या सरकवणारी यंत्रे आली, तरी नजर काढता येत नसे. आर्ककडे थेट पाहणे म्हणजे डोळे गमावणे. म्हणून गडद काचेतून पाहायचे, किंवा दिव्याच्या पेटीच्या बाजूला लहान छिद्रातून पुठ्ठ्यावर पडणारे दोन टोकांचे उलटे चित्र पाहून फट जोखायची.

दिवा बदलणे हे काम अशा रीतीने महिन्या-वर्षातून एकदा येणारे राहिले नाही; एकाच खेळात ते अनेकदा करावे लागे. साधारण हजार फुटांचे एक रीळ बोलपटाच्या वेगाने अकरा मिनिटांत संपे. तोवर शेजारच्या दुसऱ्या प्रोजेक्टरवर पुढचे रीळ चढवून, कांड्या तपासून, आखूड झाल्या असतील तर नव्या बसवून, आर्क पेटवून तयार ठेवायचा. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके : ही पहिली खूण. काही सेकंदांनी दुसरा : आता बदल. प्रेक्षकांना यातले काही कळू न देणे हीच त्या कामाची कसोटी होती.

कांड्या महाग पडत. उरलेली थोटके टाकून देण्याऐवजी जोडणीच्या छोट्या साधनात अडकवून शेवटच्या इंचापर्यंत जाळण्याची युक्ती जगभरच्या केबिनमध्ये होती. काटकसर म्हणून ती कौतुकाची. पण थोटूक रिळाच्या मध्येच संपले तर पडदा काळा होई, आणि मग पिटातल्या शिट्ट्या थेट केबिनच्या भिंतीवर आदळत. चित्र पाहताना ऑपरेटरची आठवण प्रेक्षकाला व्हायची ती बहुधा एवढीच.

आर्कला एकदिश प्रवाह लागे आणि तोही भरपूर, चाळीस-पन्नास अँपिअर किंवा अधिक. त्यासाठी वेगळे जनित्र किंवा रेक्टिफायर लागे. केबिनच्या छताला धुराडे लागे, कारण जळणाऱ्या कार्बनचा धूर आणि वायू बाहेर काढणे आवश्यक होते. पुण्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या पेटीत साडेतीन हजार अंशांचा दिवा आणि दारे-खिडक्या नियमाने बंद, अशा खोलीत दिवसाला तीन-चार खेळ काढणाऱ्या माणसांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

दारे-खिडक्या नियमाने बंद का? कारण दिव्यापासून वीतभर अंतरावरून जे सरकत होते ते स्वतःच एक प्रकारचे इंधन होते.

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. तिचे नाते बंदुकीत वापरल्या जाणाऱ्या नायट्रेट कापसाशी. ती पेटली तर ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते. म्हणून पाण्यात बुडवली तरी विझत नाही. फिल्म खिडकीतून धावत असेपर्यंत तिच्या एकेका चौकटीवर उजेड क्षणाचा अंशच पडतो, म्हणून ती वाचते. फिल्म अडकली आणि दिवा चालू राहिला, तर ती चौकट पाहता पाहता पेट घेते. म्हणून यंत्राचा वेग मंदावताच दिव्यासमोर आपोआप पडणारी झडप आली. म्हणून रिळांना लोखंडी पेट्या आल्या, आणि केबिनच्या छोट्या खिडक्यांना आग लागताच खाली कोसळणारी लोखंडी झाकणे आली. ती झाकणे प्रेक्षकांचे रक्षण करीत. ऑपरेटर झाकणाच्या आतल्या बाजूला असे.

कायद्याचा उगमही इथेच आहे. ब्रिटनमध्ये १९०९ चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला तो आगीच्या भीतीने. हिंदुस्थानात १९१८ मध्ये त्याच नावाचा कायदा आला आणि १९२० पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याचे दोन हेतू होते : चित्रगृहांना सुरक्षिततेच्या अटींवर परवाना देणे आणि चित्रपटांची तपासणी करणे. आज सेन्सॉरवर वाद होतो तेव्हा क्वचितच कोणाच्या लक्षात येते की हिंदुस्थानात सेन्सॉर आणि आगीची बादली एकाच कायद्यातून आली.

शहराबाहेर हे सगळे तंबूत चाले. महाराष्ट्रातील जत्रांमधले फिरते सिनेमे हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. इथे फक्त उजेडापुरते : जेथे वीज नव्हती तेथे इंजिन आणि डायनामो गाडीतून नेत. पुसेगावसारख्या मोठ्या यात्रेत अगदी अलीकडेपर्यंत जुन्या ट्रकवर बसवलेले प्रोजेक्टर तंबूच्या तोंडाशी उभे राहत. रस्त्याच्या धुळीने आणि हादऱ्यांनी आरसा सरकत असे, डायनामोच्या चढउताराने आर्क दम लागल्यासारखा खालीवर होई. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात या यंत्रांची शेवटची धडपड पाहता येते.

पुन्हा पुण्याकडे. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी अप्पा बळवंत चौकाजवळ सरदार किबे यांचे चित्रगृह उभे राहिले, जे पिढ्यान्पिढ्या ‘प्रभात टॉकीज’ म्हणून ओळखले गेले. चित्रपट निर्माण करणारे शहर आणि पाहणारे शहर आता एकच झाले. ‘अमृतमंथन’मधील राजगुरूंचा पडदाभर व्यापणारा डोळा असो की ‘संत तुकाराम’चे वैकुंठगमन, दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी उजेड-सावलीचे जे हिशेब मांडले, ते शेवटी कुठल्यातरी केबिनमधल्या दोन कांड्यांच्या फटीवर अवलंबून होते. फट चुकली तर गरुडाचे विमान संध्याकाळच्या पिवळ्या धुक्यात उडे.

नायट्रेटचा काळ १९५० च्या दशकाच्या आरंभी संपला. कोडॅकने ते बनवणे थांबवले आणि सहज न पेटणारी ॲसिटेट फिल्म सर्वत्र आली. कार्बन आर्क मात्र टिकला. दिवा बदलायला आणखी काही दशके गेली.

नवा दिवा झेनॉनचा. जर्मनीत विकसित झालेला हा बल्ब १९५० च्या दशकात चित्रपटगृहांसाठी पुढे आला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याने आपल्याकडेही आर्कला हळूहळू मागे सारले. क्वार्ट्झच्या फुग्यात झेनॉन वायू, दोन टंगस्टनची टोके, मध्ये काही मिलिमीटरची फट. ती वाढत नाही, कारण टोके कोळशासारखी झडत नाहीत. शेकडो तास, अनेकदा हजाराहून अधिक, तोच रंग आणि जवळपास तोच उजेड. धूर नाही, फुरफुर नाही, हात मुठीवर ठेवण्याची गरज नाही.

पण या बल्बमध्ये थंड असतानाही वातावरणाच्या आठ-दहा पट दाब असतो. तापल्यावर तो त्याच्या सुमारे तिप्पट होतो. म्हणून तो बदलताना चेहऱ्यावर जाळीदार किंवा पारदर्शक ढाल, हातांत जाड मोजे, अंगात जाड जाकीट. क्वार्ट्झवर बोटाचा ठसा उमटला तर त्यातील तेल आणि क्षार तापमानाने काचेत भाजले जातात, तेवढा भाग दुबळा होतो आणि पुढे कधीतरी फुटतो. घरच्या सूचनापत्रिकेतील ‘बोट लावू नका’ हे वाक्य थेट इथून चालत आले आहे. विझलेल्या बल्बचाही दाब कायम असतो, म्हणून जुना बल्ब त्याच्या कवचासह पेटीत ठेवूनच हलवायचा असतो.

धोका असा क्षणाक्षणाचा न राहता वर्षातून एक-दोनदा येणारा झाला. त्याबरोबर माणूसही कमी लागू लागला. आर्क सांभाळायला केबिनमध्ये दोघे लागत. झेनॉनला, आणि एकाच यंत्रावर अख्खा चित्रपट चढवण्याच्या सोयीला, एकाचे अर्धे लक्ष पुरे झाले. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट पोहोचवण्याची सोय भारतात आली आणि पुढच्या दहा वर्षांत रिळेच गेली. कांड्यांची फट कानाने ओळखणाऱ्या माणसांची विद्या कोणीही न हिरावता निरुपयोगी झाली. ‘आर्यन’ तर त्याआधीच, १९८३ मध्ये, पडले होते. त्या जागेला आजही अनेक पुणेकर ‘आर्यनचे पार्किंग’ म्हणतात.

मग तो दिवस : ८ जानेवारी २००३. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील, म्हणजे जुन्या प्रभातच्या जागेवरील, कोठारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे ठेवलेली होती. त्यांना आग लागली. प्रभात, बॉम्बे टॉकीज, न्यू थिएटर्स आणि वाडिया मूव्हिटोन यांच्या चित्रपटांचे मूळ नायट्रेट साहित्य त्यात नष्ट झाले. काहींच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या. पण प्रत ही मुळाची सावली असते, आणि पुढच्या तंत्राने पुन्हा नवी प्रत काढायची तर मूळच लागते.

कोठारात प्रोजेक्टर नव्हता, आर्क नव्हता, झडप पडायची राहिली असेही झाले नाही. ज्या फिल्मला सत्तर वर्षे दिव्यापासून जपले, ती दिव्यावाचून जळली. नायट्रेट काळाबरोबर कुजते, कुजताना उष्णता आणि वायू सोडते आणि मग फार कमी तापमानावरही धोकादायक होते. केबिनमध्ये निदान रिळाकडे डोळे लावून बसलेला एक माणूस असे. पी. के. नायर यांनी नाशिकला जाऊन फाळक्यांच्या कुटुंबाकडून रिळे मिळवून ज्या संस्थेचा पाया भरला, तिच्या वाट्याला हे यावे, ही पुण्याच्या सांस्कृतिक इतिहासातील फार कमी बोलली जाणारी हानी आहे. पानशेतचा पूर शहराला पाठ आहे. ही आग नाही.

राहिला घरातला लॅम्प. तो फिलिप्सने १९९० च्या दशकाच्या मध्यास आणलेल्या पाऱ्याच्या दिव्याचा वंशज. फट जेमतेम एक मिलिमीटरची, पेटल्यावर आतला दाब सुमारे २०० वातावरणांचा. झेनॉनला लाजवील इतका दाब, पण तो नखाएवढ्या फुग्यात. त्याचे आयुष्य दोन ते पाच हजार तास सांगतात. त्या आकड्याचा अर्थ लॅम्प तितके तास टिकेल असा नसतो. तितक्या तासांनी त्याचा उजेड साधारण निम्म्यावर येईल, असा असतो. तो उतार इतका सावकाश होतो की घरात कोणाला कळत नाही. ‘हल्ली चित्रपट फार अंधारे काढतात’ अशी तक्रार करणाऱ्या घरात आधी लॅम्पचे तास तपासावेत. आर्कवरच्या ऑपरेटरने तेवढा काळोख दहा सेकंदही चालू दिला नसता.

बाजारात मूळ लॅम्पच्या निम्म्याहून कमी किमतीत पर्यायी लॅम्प मिळतात, आणि जुन्याच चौकटीत नुसता फुगा बसवून देणारेही आहेत. बसतो तोही, पण आरशाच्या केंद्रापासून केसभर सरकला तर उजेड कमी होतो आणि उष्णता भलत्याच जागी साचते. कार्बनच्या थोटकांची काटकसर वेगळ्या रूपात परत आली, एवढेच.

आणि काढलेला जुना लॅम्प? त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. २०१६ च्या ई-कचरा नियमांनी पाऱ्याचे दिवे स्पष्टपणे त्या यादीत घातले. तरी पाच मिनिटांचे काम आटोपल्यावर तो बहुतेक वेळा वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात जातो. सकाळी तो डबा उचलणारी आणि हाताने निवडणारी बाई कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची असते. तिच्यापाशी सूचनापत्रिका नसते, चेहऱ्यावर ढालही नसते.

नव्या लेझर प्रोजेक्टरांना तर लॅम्पचे झाकणच नसते. वीस हजार तासांनी उजेड मंदावला की अख्खे यंत्रच बाहेर जाते.